मऊ पेडल

रविवार, १ फेब्रुवारी

नाही म्हणालो. सरळ नाही!

लेक सकाळी आली ती हातात छापील कागद घेऊनच. 'बाबा, तीन आठवड्यांनी रविवारी आहे. जुन्या धावपट्टीवर. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपली रोजची गाडी न्यायची आणि मोकळ्या ट्रॅकवर मनसोक्त चालवायची, बस्स.' पस्तिशीला आलेली बाई! सहा दिवस चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि सातव्या दिवशी हिला गाडी पळवायची आहे. मी म्हटलं, तुझ्या अकरा वर्षांच्या गाडीचे ब्रेक बाजारहाटापुरते आहेत. तिथे प्रत्येक वळणावर दणकून ब्रेक मारावा लागतो. चौथ्या फेरीला आतलं ऑइल उकळेल, पेडल जमिनीला टेकेल, आणि मग बस बाबांच्या नावाने ओरडत.

'म्हणून तर तुमच्याकडे आले,' म्हणाली.

ही आतून ओरडली, 'अहो, चौतीस वर्षं अँब्युलन्सचे ब्रेक केलेत, पोटच्या पोरीचे करायला काय होतंय?' दोघी एकीकडे झाल्यावर माझं काय चालणार! जेवताना हो म्हणून टाकलं.

नाही का म्हणत होतो ते फक्त इथे लिहितो. गेल्या महिन्यात दोनदा रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरलो. परवा लेकीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती हसली, मी पण हसलो. दादाचं असंच सुरू झालं होतं. चौसष्टाव्या वर्षी. मला जूनमध्ये चौसष्ट पूर्ण होतील.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दादाची दाढी. दर गुरुवारी मीच करतो, वहिनीला वस्तऱ्याची भीती वाटते. आज त्याने अगदी अदबीने विचारलं, 'आपण कुठून आलात?' मी म्हटलं, जवळूनच. 'हात चांगला आहे तुमचा,' म्हणाला. थोरल्या भावाने मला जन्मात दिलेली पहिली शाबासकी, आणि ती कुणा परक्या न्हाव्याला!

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. एक दिवस एक घड्याळ जोडून झालं आणि टेबलावर एक बारकं चक्र उरलं. तो चक्राकडे बघत बसला. आम्ही सगळे खूप हसलो होतो. ते हसणं मला अजून छळतं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

छान दिवस! फार दिवसांनी नखांत काळं गेलं.

गाडी अंगणात लोखंडी घोडीवर चढवली, पुढची दोन्ही चाकं काढली. लेकीला समोर बसवून सगळं दाखवलं. ही डिस्क, चाकाबरोबर फिरते. हा कॅलिपर, डिस्कला चिमट्यात धरतो. चिमट्यात हे पॅड. डिस्कची जाडी मोजली, अजून भरपूर आहे. जुने पॅड काढून तिने आणलेले ट्रॅकचे पॅड घातले. रबरी पाइपांच्या जागी पोलादी जाळीचे पाइप लावले, म्हणजे तापल्यावर फुगायला नकोत. कॅलिपरच्या सरकत्या पिना घासून पुसून नव्या ग्रीसमध्ये बसवल्या. जुनं ऑइल उपसून काढलं तर चहासारखं! हे ऑइल हवेतलं पाणी पितं आणि पाण्यामुळे लवकर उकळतं. 'इतकी वर्षं मी यावर चालवत होते?' म्हणाली. म्हटलं, वर्षातून एकदा बापाला गाडी दाखवली असती तर कळलं असतं.

शेवटी दोन्ही कॅलिपर मी स्वतः बसवले. तिला हात लावू दिला नाही. अँब्युलन्सच्या वर्कशॉपमध्ये माझा नियमच होता, ज्याने बांधायला घेतलं त्यानेच संपवायचं, मध्ये दुसऱ्याने बोट घालायचं नाही. ती म्हणाली, 'आणि तपासायचं कुणी?' मी म्हटलं, माझं काम तपासणारा अजून जन्माला यायचाय! थोडी जास्तच मिजास झाली. पण तिला आवडलं बहुतेक, एकटक बघत राहिली.

नवं ऑइल उद्या. दुपारी हिने दटावून झोपायला पाठवलं. चांगला दोन तास झोपलो. उठलो तर पोरीने सगळी हत्यारं पुसून पेटीत ओळीने लावली होती.

रविवार, ८ फेब्रुवारी

ऑइल भरलं. आता पाइपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायची. लेक सीटवर, मी चाकापाशी आडवा. 'दाब! धर!' मी स्क्रू ढिला करतो, नळीतून बाटलीत बुडबुडे येतात, स्क्रू घट्ट. 'सोड!' पुन्हा 'दाब!' हिने खिडकीतून विचारलं, 'पोरीवर का ओरडताय?' ओरडत नव्हतो. एअर अशीच काढतात.

अडीच तास. पेडल अजून मऊ. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाय खाली गेला की समजायचं आत हवा आहे. कुठून येते आहे? एकही जोड गळत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

संध्याकाळी पुन्हा. मऊ.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दुसरी बाटली संपली. मऊच! लेक दुकानातून सरळ इकडे आली, डबा न खाता पेडल मारत बसली. तिचा पाय भरून आला पण एक अक्षर बोलली नाही. नेहमी तोंड बंद नसतं पोरीचं! जाताना म्हणाली, 'बाबा, काहीतरी साधंच असेल.' माझ्याकडे बघत नव्हती.

मला साधंच सापडत नाहीये. हे काम मी झोपेत करत होतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी एकटाच होतो. पाना हातातून सुटून गाडीखाली गेला. टॉर्च घेऊन आडवा झालो आणि सहज वर बघितलं. एअर काढायचा स्क्रू कॅलिपरच्या खालच्या टोकाला! तो वर असतो. वरच असायला हवा, हवा वर चढते म्हणून. पलीकडे जाऊन बघितलं, तिथेही खाली. म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बसतात ते, बोल्टची भोकं सारखीच असतात. फक्त हवा वरती कोंडून राहते आणि तुम्ही जन्मभर दाब-धर-सोड करत बसा.

पहिल्या महिन्यात शिकाऊ पोरं ही चूक करतात. एकेकाचा कान पिरगाळला आहे मी या चुकीसाठी. आणि तीन दिवस मी त्याच स्क्रूला हाताने चाचपून पाना लावतोय, नजर बाटलीतल्या बुडबुड्यांवर, आणि स्क्रू कुठे आहे हे बघायचं सुचलं नाही! मी बसवलंय म्हणजे बरोबरच असणार ना.

आठवून बघतो आहे. शनिवारी डावा हातात घेतला, डाव्या बाजूला गेलो. मला स्पष्ट आठवतंय. स्पष्ट आठवतंय आणि ते चूक आहे, याचीच भीती वाटते. दादालाही सगळं स्पष्ट आठवायचं.

तिथेच बसून राहिलो. ही चहा घेऊन आली, म्हणाली, 'चेहरा का उतरलाय?' म्हटलं, कंबर धरली. कोणाला सांगायचं नाही. उद्या दादाकडे जायचं आहे, परवा गुपचूप बदलून टाकीन.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दादाची दाढी. आज वस्तरा घसरला. गालावर बारीक चीर. त्यानेच माझी समजूत काढली, 'असू द्या हो, होतं.' बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं उभा राहिलो.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पहाटे उठून अंगणात गेलो. पाने काढले, आडवा झालो, टॉर्च मारला.

स्क्रू वर! दोन्हीकडे वर. कॅलिपर आपापल्या जागी. पेडल दाबलं, दगडासारखं घट्ट.

पहिल्यांदा वाटलं, बुधवारी मला दिसलं ते होतं का नव्हतं? मग नीट बघितलं. ऑइलची तिसरी बाटली उघडलेली, अर्धी. बोल्टच्या डोक्यांवर ताज्या खुणा. फरशी पुसलेली. काल मी दादाकडे असताना कोणीतरी दोन्ही कॅलिपर उतरवून, बदलून, एअर काढून ठेवली आहे. आणि एअर काढायला दोन माणसं लागतात.

नाश्त्याला ही म्हणाली, 'आता कसं घट्ट लागतं ना पेडल?' आणि जीभ चावली. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईने पेडलची चौकशी कधी केली नव्हती! चालवायला शीक म्हणून मी दहा वर्षं मागे लागलो होतो, तर सीटवर बसायलाही तयार नव्हती. काल ती तिथे बसून पोरीच्या हुकमावर दाब-धर-सोड करत होती. माझी अब्रू झाकायला.

मी म्हटलं, हो, मीच काल सकाळी जमवलं. ती म्हणाली, 'तेच म्हणते मी.' दोघेही खाली मान घालून चहा प्यायलो.

माझी चूक माझ्या लेकीने पकडली आणि मला लाज वाटू नये म्हणून पाठीमागे दुरुस्त केली. काय लिहू? असं लेकरू मिळालं म्हणून छाती भरून येते, आणि तिला असं करावं लागलं म्हणून जीव नकोसा होतो. आज दोन्ही एकाच वेळी होतंय.

रविवार, १५ फेब्रुवारी

नवे पॅड डिस्कला रुळवून आणायचे होते. गोदामांमागचा लांब रस्ता रविवारी ओस असतो. लेक चालवत होती, मी शेजारी. ऐंशीपर्यंत न्यायची, जोरात ब्रेक, वीसपर्यंत आणायची, पण थांबवायची नाही. लगेच पुन्हा ऐंशी. असं दहा वेळा. मग ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता सावकाश हिंडवून गार करायची.

काय चालवते! पाय एकदाही अडखळला नाही. सातव्या वेळी पॅड जळल्याचा वास आला, घाबरून बघायला लागली. म्हटलं, हा वास यायलाच हवा, चालू ठेव. शेवटी एका चौकात थांबावं लागलं आणि ती पाय ब्रेकवर ठेवून बसली. मी किंचाळलो, 'पाय काढ!' तापलेला पॅड डिस्कवर दाबून धरला की त्या जागी डाग धरतो आणि मग पेडल थरथरतं. तिने पाय काढला, गाडी जरा मागे घरंगळली, आणि दोघांना इतकं हसू आलं की मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून थकला.

लहानपणी हिला कधी पाना धरू दिला नाही. 'अभ्यास कर' म्हणायचो. वर्कशॉपमध्ये परक्यांची डझनभर पोरं शिकवली आणि ही दारात उभी राहून बघायची. आज ते फार लागलं मनाला.

परतताना ती दोनदा म्हणाली, 'बाबा, एक सांगायचं होतं.' दोनदा म्हणाली, 'जाऊ दे.' काय सांगणार ते मला माहीत होतं. डॉक्टरकडे चला म्हणणार. मी रेडिओ लावला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

एक चूक तिने पकडली. न पकडलेली दुसरी असली तर?

ती त्या पेडलवर जीव टाकणार आहे. मी केलंय म्हणून टाकणार आहे. मला सांगायला हवं. सांगितलं की ती मला कधी गाडीला हात लावू देणार नाही, आणि बरोबरच आहे ते. तरी तोंडाला कुलूप.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

गाडी घेऊन जुन्या वर्कशॉपला गेलो. तिथला आताचा फोरमन माझ्या हाताखाली तयार झालेला, आता त्याचेच केस पांढरे व्हायला लागलेत. म्हटलं, पुढचे-मागचे सगळे ब्रेक तपास. तो हसायला लागला. 'उस्ताद, तुमचं काम मी तपासू?' मी म्हटलं, तपास, आणि माझ्या तोंडाकडे न बघता तपास. मग हसला नाही. बोल्ट न् बोल्ट पान्याने ताणून बघितला, पाइप वाकवून बघितले, पिना सरकवून बघितल्या. एक तास. 'काहीही नाही उस्ताद. पुस्तकात छापावं असं काम आहे.'

जीव भांड्यात पडला. पण ते काम अर्धं लेकीचं आहे हे त्याला कुठे ठाऊक.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सांगितलं!

संध्याकाळी लेक हेल्मेट घेऊन मुक्कामाला आली. ही शेजारी गेली होती. मी पोरीला समोर बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. कॅलिपर मी उलटे बसवले. बुधवारी मला कळलं. गुरुवारी तू आणि आईने बदलले हेही कळलं. माझं दादासारखं व्हायला लागलंय. फोरमनकडून गाडी तपासून आणली आहे, उद्या निर्धास्त चालव. पण यापुढे मी कोणाच्याही ब्रेकला हात लावणार नाही. आणि तू माझी लाज राखलीस बाळ, ते मी विसरलो तर विसरलो, पण आज आठवतंय तोवर सांगतो.

शेवटी शेवटी आवाज गेला माझा. रडलो, त्यात काय लपवायचं.

ती पांढरीफटक पडली. 'बाबा, तुम्ही—' म्हणाली आणि उठून अंगणात गेली. बराच वेळ गाडीला टेकून उभी होती. ही आली तेव्हा लेक आत येऊन म्हणाली, 'उद्या लवकर निघायचंय, झोपा तुम्ही.' बापाची कीव आली असणार. तिला तरी काय सुचणार बोलायला?

रविवार, २२ फेब्रुवारी

दिवस फत्ते!

बायकोला, डब्यांना आणि पाण्याच्या चार बाटल्यांना मागे बसवून निघालो. तिथे नाना तऱ्हेच्या गाड्या. एकाच्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची तशीच! पोरीला नवख्यांच्या गटात घातलं. वीस मिनिटं चालवायचं, मग गार करायचं.

ही कुंपणाला घट्ट धरून डोळे मिटून उभी होती. 'गेली का? आली का?' मी सांगत होतो, आली, गेली. पहिल्या वळणाला पोर फार लवकर ब्रेक मारत होती, सगळ्यांच्या आधी. पाचव्या फेरीपासून विश्वास बसला. सरळ येते, एकदा नीट दाबते, नाक खाली, आणि गाडी तिला हवी तिथे बसते.

शेवटची फेरी सावकाश, ब्रेक न लावता, मी सांगितलं होतं तशी. आत येऊन थांबली तर पॅड तापलेले म्हणून हँडब्रेक ओढला नाही. मी धावत जाऊन चाकाखाली लाकडी ठोकळे सारले. चाकांतून धग येत होती. काच खाली करून विचारलं, पेडल? 'बाबा, पहिल्या फेरीला होतं तसंच.' चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, आठ वर्षांची दिसत होती. शेजारच्या गाडीवाल्याचं ऑइल उकळून पेडल गेलं होतं, तो विचारायला आला, ब्रेक कुठे केले? लेक म्हणाली, 'हे काय, बाबांनी.' आणि तिचे डोळे एकदम भरले.

माझे शेवटचे ब्रेक. चांगले झाले.

सोमवार, २३ फेब्रुवारी

फोरमनला फोन केला. बुधवारी हत्यारांची पेटी घेऊन जा म्हटलं. मला आठवतंय तोवर कुठला पाना कशाचा ते सांगीन.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सकाळी दार वाजलं. फोरमन असेल म्हणून उघडलं तर लेक. दुकान सोडून आलेली, रात्रभर झोपली नव्हती. उंबऱ्यातच उभी राहून एका दमात म्हणाली, 'बाबा, कॅलिपर मी उलटे लावले. तुम्ही बरोबर लावले होते. त्या शनिवारी तुम्ही झोपलात आणि मला भीती वाटली, मोठ्या काकांसारखं... म्हणून तुमचं काम तपासायला दोन्ही उतरवले. काही चुकलेलं नव्हतं. परत लावताना मीच अदलाबदल केली. मग त्याच आठवड्यात बुधवारी दुकानात एका बाईच्या चष्म्यात काचा उलट बसवल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शनिवारी तुम्ही रडत होतात आणि मला सांगता येईना, की मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही.'

आत जाऊन भांडं गॅसवर नाही ना ते बघून आलो. नव्हतं. डॉक्टरकडे जायचंच आहे, हिने नंबर लावलाय, जाईन. पण डावा मी डावीकडेच लावला होता!

खूप रागवायला हवं होतं. मी तिचे दोन्ही कान धरले आणि विचारलं, दिवसभर लोकांचे डोळे सांभाळतेस ना? यातला डावा कुठला ते सांग. तिला रडता रडता सांगताच येईना.